भोंग्याचा माफीनामा

मोठी वाईट बातमी आली की मला काहीच होत नाही. लोक रडतात, एकमेकांना फोन करतात, टीव्हीसमोरून उठत नाहीत. मी कपडे वाळत घालते. दुसऱ्या दिवशी पेपर येतो, त्यात छापलेलं दिसतं, मग मी ते खरं धरते. ऑफिसात असताना एकदा शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "बाई, तुमचं काळीज दगडाचं आहे." मी म्हटलं, "असेल."

हे असं केव्हापासून झालं ते मला नेमकं ठाऊक आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए. आहे, सेकंड क्लासमध्ये. दोन्हीकडच्या चुलत-मावस सगळ्यांचे अर्ज, लग्नाच्या याद्या, कोर्टाचे कागद मीच लिहीत आले, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण मी लिहिलेला पहिला सरकारी थाटाचा कागद कोणता, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तो माझ्या वडिलांचा माफीनामा होता. मी तेव्हा पाचवीत होते.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. औरंगाबादेत मोंढ्याच्या मागं एक जिनिंग होती, तिथं ते कामाला होते. सिल्लोडकडून कापसाच्या गाड्या यायच्या, सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या. आम्ही जिनिंगच्याच आवारात, मजुरांच्या लायनीत राहायचो. दादांचं काम इंजिनघरात, तेलपाण्याचं. पण मोंढा त्यांना ओळखायचा तो भोंग्यामुळं. पत्र्यावर विजेचा भोंगा बसवलेला होता आणि त्याचा काळा खटका इंजिनघराच्या भिंतीला होता. खटका दाबून धरला की आवाज चढत जायचा, सोडला की हळूहळू खाली यायचा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. बायका त्याच्यावर स्वयंपाक लावायच्या, मोंढ्यातले अडते त्याच्यावर घड्याळ लावायचे. किती वेळ दाबायचा ते दादा तोंडातल्या तोंडात आकडे म्हणून ठरवायचे, आणि ते आकडे उर्दूत असायचे.

दादा निजामाच्या राज्यात शिकले होते. चौथी पास, उर्दूतून. त्या काळी फर्दापूरकडच्या त्यांच्या खेड्यात चौथी पास म्हणजे मोठा माणूस. मग पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, पुढं आमचा मुलूख महाराष्ट्रात आला. सगळे कागद मराठीत यायला लागले आणि शिकलेला माणूस न शिकलेला झाला. जिनिंगचा मिस्त्री मुसलमान होता, त्याच्याकडं उर्दू पेपर यायचा. तो दादा घडाघडा वाचायचे. रेशनकार्ड मात्र मी वाचून दाखवायची. मी बोट ओळीखाली धरून वाचायची आणि ते बोटाकडं बघत ऐकायचे.

वर्षातून एक भोंगा वेगळा असायचा. तीस जानेवारीला सकाळी अकराला. तो वाजला की जिथं असेल तिथं माणसानं दोन मिनिटं उभं राहायचं. आमच्या आवारात शे-दीडशे माणसं कापसाच्या ढिगात गुडघ्यापर्यंत उभी असायची, अंगावर, भुवयांवर रुईचे तंतू. मिस्त्री टोपी नीट करून उभा राहायचा. पुन्हा भोंगा झाला की हलायचं. त्या दिवशी दादा धुतलेला सदरा घालून यायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "हसू नगा. ज्या दिवशी गांधीबाबा गेला, त्या दिवशी आमच्या घरी साखरपुडा हुता. आमी बुंदी खाल्ली. रझाकाराचे दिवस, कुणी कुणाशी बोलंना. तिसऱ्या दिवशी गाडीवानानं सांगितलं. तवर आमी ग्वाड खात हुतो. बातमी टायमावर पायजे." हे ते दर वर्षी सांगायचे, त्याच शब्दांत.

मी तिसरीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात पंतप्रधान गेले. जिनिंग बंद होती, दादा एकटे इंजिनाला तेल देत होते आणि मी त्यांच्याजवळ सरकीशी खेळत बसले होते. शेठच्या पेढीत रेडिओ होता, त्याच्यावर एकाएकी गाणी थांबली आणि सारंगी लागली. ती थांबेचना. थोड्या वेळानं दिवाणजी बाहेर आले. हे शेठचे कारभारी. काळी टोपी घातल्याशिवाय पेढीच्या पायऱ्या न उतरणारा माणूस, त्या दिवशी बोडका आला.

"वाजव," ते म्हणाले.

"आत्ता? जिनिंग बंद हाय, दिवाणजी."

"पंतप्रधान गेले. वाजव, लांब वाजव."

दादांनी हात पुसले आणि खटका धरला. मी आकडे ऐकले. चाळीसच्या पुढं गेले. उन्हात सगळा मोंढा थांबला. एक हमाल पाठीवरचं पोतं तसंच घेऊन उभा राहिलेला मला दिसत होता. भोंगा उतरल्यावर दादांनी मला जवळ घेतलं नाही, काही सांगितलं नाही. पुन्हा तेल द्यायला बसले. पण संध्याकाळी जेवताना आईला म्हणाले, "आपल्या भोंग्यानं कळलं लोकाला." एवढंच. त्यात दुःख होतं की अभिमान होता, मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

पुढचे पंतप्रधान लहानखुरे होते. लढाईच्या दिवसांत त्यांनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडा म्हणून सांगितलं, तर आईनं सोमवारी चूल पेटवणं बंद केलं. मिस्त्री म्हणायचा, "भाभी, हमारा तो रमजान हर हफ्ते आ रा." आणि तोही जेवायचा नाही. लढाई संपली. जानेवारीत एका सकाळी, पाळी सुरू व्हायच्या आधी, भोंगा ऐकू आला. आमचा नव्हे. नाल्याच्या पलीकडं दुसऱ्या एकाची जिनिंग होती, तिचा. दादा तोंड धूत होते. ते तसेच पेढीकडं पळाले, दिवाणजींचं दार वाजवलं, दिवाणजी उठले, रेडिओ लावला, सारंगी चालू होती. मग आमचा भोंगा वाजला. पंतप्रधान परदेशात गेले होते, तिथंच वारले. आईनं तो सगळा आठवडा सोमवारच धरला.

शेठ दुपारी आले. त्यांना रडू आलं होतं, डोळे लाल होते, हेही खरं. आणि त्यांनी दिवाणजींना झापलं हेही खरं. पलीकडच्यांचा भोंगा आधी वाजतोच कसा? दिवाणजींनी ते सगळं दादांवर काढलं. मी इंजिनघराच्या दारात होते.

"विचाराया आल्तो, दिवाणजी. तुमी झोपल्याले हुते."

"विचारायचं नाही! बातमी काय माझ्या सहीनं येती का? रेडिओवर अशी सारंगी लागली की खटका दाबायचा. शेठचा हुकूम आहे. पुन्हा पलीकडच्यांच्या मागं राहिलास तर भोंगा दुसऱ्याच्या हातात देईन."

दादा म्हणाले, "व्हय."

या "व्हय"ला साक्षीदार दोन. एक मी आणि दुसरे दिवाणजी.

त्यानंतर महिना झाला असेल. माझी शाळा सकाळची होती. दुपारी मी दादांची भाकरी घेऊन इंजिनघरात गेले. ते जेवले. ठेचा तिखट झाला म्हणून दोनदा पाणी प्याले. दिवाणजी घरी जेवायला गेलेले, पेढीत कुणी नाही, रेडिओ चालूच. गाणं अर्ध्यात तुटलं. थोडी खरखर झाली आणि सारंगी लागली.

दादा उठले. खिडकीशी जाऊन ऐकायला लागले. मला म्हणाले, "कुणाचं नाव घेतलं का गं?"

"नाय. नुसती सारंगी हाय."

ते थांबले. खरंच थांबले, मी पाहिलं. तेवढ्यात सारंगीवाल्यानं दुसरा सूर धरला. दादा पेढीच्या बंद दाराकडं बघून म्हणाले, "थांबू नको म्हणलेत," आणि त्यांनी खटका दाबला. चाळीसच्या पुढं.

मोंढ्यात कापसाचा लिलाव चालू होता तो थांबला. दुकानांच्या फळ्या लागल्या. जवळच्या शाळेनं पोरं सोडली. आवारातल्या बायका कापसातच खाली बसल्या आणि एकीनं हंबरडा फोडला. तिला कोण गेलं तेही माहीत नव्हतं. मिस्त्री टोपी घालून आला, म्हणाला, "कौन गुजरे भई?" दादा म्हणाले, "नाव सांगतील आता." सगळे पेढीच्या खिडकीखाली उभे राहिले, नाव ऐकायला.

पाव तास सारंगी वाजली. मग ती थांबली, बाई नेहमीच्या आवाजात "व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत" म्हणाली, आणि शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम सुरू झाला. खताचा.

कुणीतरी हसलं. मग एक अडत्या तावातावानं आवारात आला. "कोण मेलं रं? तुझा बाप मेला का? माझा लिलाव मोडला तुह्या मायला!" दादा खताचं ऐकत उभे होते. त्यांच्या सदऱ्यावर भाकरीचा चुरा होता. मी तो झटकायला हात पुढं केला तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

संध्याकाळी पोलीस जमादार आला. अफवा कुणी उठवली, मालकाचा हुकूम होता का, असं विचारून गेला. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर दिवाणजींनी मला पेढीत बोलावलं. पेढीत मी पहिल्यांदाच गेले. गादी, तक्क्या, रेडिओवर भरतकामाचा रुमाल.

"अक्षर चांगलं आहे म्हणे तुझं."

मी मान हलवली. वर्गात माझं अक्षर पहिलं होतं.

"तुझ्या बापाचा माफीनामा लिहायचा. मी सांगतो, तू लिही. घरच्यानं लिहिलेला बरा असतो."

त्यांनी मला फुलस्केप आणि शाईचा पेन दिला. पेननं मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. कागदाला समास सोडला. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. सदर इसम, सदर दिवशी, असे शब्द होते. मला ते फार आवडले. सातव्या ओळीला त्यांनी सांगितलं, "त्या वेळी मी दारू प्यालेलो होतो व मला कोणीही हुकूम केलेला नव्हता."

मी पेन उचलला. "दादा पीत नायत."

"माहीत आहे."

"ते भाकर खाऊन उठले हुते. मी हुते तिथं."

दिवाणजी ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर मी बहुतेक पळून गेले असते. ते मांडी घालून समोर बसले आणि शाळेतल्या गुरुजींसारखं सांगायला लागले. "हे बघ बाळ. शुद्धीत वाजवला म्हणलं तर अफवेची केस होती. कोर्ट, कचेरी, नोकरी जाती, ही खोली जाती. मग तू कुठली शाळा शिकती? दारुड्याला माणसं माफ करतेत. चार दिवस हसतेत आणि सोडून देतेत. तुझ्या बापाला मी वाचवायलोय."

मी ओळ लिहिली. खोटं कशाला बोलू, चांगली लिहिली. 'दारू'तला ऊकार मी फार सुबक काढला.

"आता त्याला वाचून दाखव," दिवाणजी म्हणाले. "ही एवढी ओळ सोडून. तो हेकट आहे, ऐकून सही करणार नाही आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेईल. कळलं?"

दादांना बोलावलं. ते पेढीच्या पायरीवर, खालच्या बाजूला बसले. मी कागद धरला आणि सवयीनं ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागले. सहा ओळी वाचल्या. बोट सातवीवरून आठवीवर नेलं. शेवटपर्यंत वाचलं.

"झालं सगळं वाचून?" दादांनी विचारलं.

"व्हय."

त्यांनी कागदाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग पेन घेऊन उजवीकडून डावीकडं आपली उर्दू सही केली. दिवाणजींनी लगेच शाईवर टिपकागद दाबला.

केस झाली नाही. नोकरी राहिली, खोली राहिली, माझी शाळा राहिली. दिवाणजींनी सांगितलेलं सगळं खरं झालं, फक्त चार दिवसांचं खोटं ठरलं. भोंगा दिवाणजींच्या भाच्याच्या हातात गेला आणि दादांना फाटकावर बसवलं. आत येणारा गाडीवान म्हणायचा, "मामा, आज किती घेतली?" बाहेर जाणारा म्हणायचा, "मामा, कोण गेलं आज?" दोघांनाही दादा फाटक उघडायचे. हसायचेही नाहीत, भांडायचेही नाहीत. मिस्त्री एकदा एकाच्या अंगावर धावून गेला, "हराम है उसको, देखा क्या तू कभी?" तर दादांनीच त्याला मागं ओढलं.

नळावर बायकांनी आईला विचारलं. आई घरी येऊन मला विचारायला लागली.

"तू तवा तिथं हुतीस. पेलं हुतं का गं त्यांनी?"

"नाय."

"मग लोक का म्हणतेत?"

"काय माहीत."

आईनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि पीठ मळायला घेतलं. त्या दिवसापासून माझ्या पोटातलं काहीतरी बंद पडलं, असं लिहिलं तर पुस्तकी वाटेल. पण दुसरं काही लिहिता येत नाही. मला रडू आलं नाही. अभ्यासाला बसले. त्या वर्षी मी वर्गात पहिली आले.

तीस जानेवारी दर वर्षी यायची. भाचा भोंगा उशिरा वाजवायचा आणि लवकर सोडायचा. दादा फाटकाशी धुतलेल्या सदऱ्यात उभे राहायचे, ओठ हलत असायचे. भोंगा उतरायचा, लोक हलायचे, आणि दादांचे आकडे अजून चालूच असायचे. आपला आकडा पुरा झाल्याशिवाय ते हलायचे नाहीत.

आणखी एक सवय त्यांना लागली. मी काही वाचून दाखवलं की ते कागद हातात घ्यायचे आणि ओळींवरून बोट फिरवायचे. पोस्टकार्ड असो, लग्नपत्रिका असो. मी बी.ए. झाले तेव्हा पदवीचा कागद मी त्यांच्या मांडीवर ठेवला. आईनं त्याला हळदकुंकू लावलं. दादांनी वरून खाली बोट फिरवलं, तोंडातल्या तोंडात काही म्हणाले आणि कागद परत दिला. मला वाटलं, म्हातारपण.

मग मला एका सरकारी ऑफिसात नोकरी लागली. मी शहरातच, सिडकोत दोन खोल्या घेतल्या. आईदादा लायनीतच राहिले, दादांची अजून फाटकावर ड्यूटी होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, बुधवारी, आमच्या ऑफिसात कुजबुज सुरू झाली. दिल्लीत पंतप्रधान बाईंना त्यांच्याच पहारेकऱ्यांनी गोळ्या घातल्या. कुणी म्हणे दवाखान्यात आहेत, कुणी म्हणे गेल्या. परदेशी रेडिओनं सांगितलं म्हणे. आपला रेडिओ काही सांगत नव्हता. ऑफिस लवकर सुटलं. मी सायकल मोंढ्याकडं घेतली. रस्त्यात एका पानटपरीवर रेडिओ चालू होता आणि त्याच्यावर सारंगी होती. मी ब्रेक न लावता पुढं गेले.

फाटकाशी आठ-दहा जवान पोरं जमली होती, लायनीतलीच. दादा स्टुलावर बसलेले. आवारात अजून हंगाम लागला नव्हता. दिवाणजींचा भाचा गावाला गेलेला, इंजिनघराची किल्ली दादांच्या कमरेला.

"काका, वाजवा की! तुमचाच हात हाय तो."

"लेखी आलंय का?" दादा म्हणाले.

पोरं हसली. "बाईला मारलं काका! लेखी कोन देणार? दुपारपासून सारंगी चालू हाय, ऐका की."

"ऐकतोय. नाव घेतलं का?"

"नाव नाय घेतलं. पण समद्या शहराला माहीत हाय."

"सारंगीवर मी वाजवत नाय," दादा म्हणाले. आवाज अगदी साधा होता, फाटक बंद आहे हे सांगावं तसा. "माझी सही हाय कागदावर. म्या दारू पिऊन भोंगा वाजवतो म्हणून. तुमच्या बापाला इचारा."

पोरांतल्या एकानं मला सायकल धरून उभी असलेली पाहिलं आणि नजर वळवली. हळूहळू सगळी पांगली. मिस्त्री फाटकाच्या आत खाटेवर बसला होता, म्हातारा झालेला. तो उठून आपल्या खोलीकडं गेला.

मी सायकल भिंतीला लावली. दिल्लीत काय झालं होतं, देशात पुढं काय होणार होतं, यातलं माझ्या डोक्यात काही नव्हतं. मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"काय?"

"कागदातलं."

दादांनी तंबाखूची डबी काढली, उघडली, पुन्हा बंद केली. "काय लिव्हलं हुतं ते मागून कळलं. लोक बोलाया लागले तवा. पर गाळलंय ते तिथंच कळलं. अकरा ओळी हुत्या. तू धा वाचल्या. तुझं बोट एका ओळीवरून उडालं."

"मग सही का केली?"

"तू वाचलं म्हणून."

ते रागावलेले दिसत नव्हते. अठरा वर्षं झाली होती, त्यांना त्या गोष्टीची सवय झाली होती, जशी फाटकाची झाली होती. मग म्हणाले, "तुझी आई आत हाय. च्या ठेव म्हणावं."

मी चहा ठेवला. सहाच्या सुमाराला रेडिओनं नाव घेतलं. दादा स्टुलावरून उठले, कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि तिथंच फाटकाशी उभे राहिले. भोंगा कुणीच वाजवला नाही. त्यांचे ओठ हलत होते. चाळीसच्या पुढं गेले. मी हातात किल्ली घेऊन त्यांच्या शेजारी उभी होते आणि मला पायाला डास चावत होता, एवढंच आठवतं. पुढचे दिवस दिल्लीत माणसं जाळली जात होती. ते मी पेपरात वाचलं, दादांनाही वाचून दाखवलं. बोट ओळीखाली धरून.

पुढच्या वर्षी जिनिंग विकली गेली. तिथं गाळे होणार होते. भोंगा पत्र्यासकट भंगारात गेला. दिवाणजी त्याआधीच वारले होते, शेठची मुलं मुंबईला. आईदादांना मी सिडकोत आणलं. एका रविवारी मी ऑफिसचा फुलस्केप घेतला, समास सोडला आणि लिहायला बसले. विषय: माझ्या वडिलांच्या माफीनाम्यातील खोट्या मजकुराबाबत. सदर इसम त्या दिवशी दारू प्यालेले नव्हते. त्यांना तसा हुकूम होता. हुकूम दिला तेव्हा मी हजर होते. त्यांनी खटका दाबला तेव्हाही मी हजर होते. खोटी ओळ माझ्या हातानं लिहिलेली आहे आणि वाचून दाखवताना ती मी गाळली. ती त्यांना ठाऊक नसताना त्यांची सही घेण्यात आली, असं मी आधी लिहिलं. मग ते खोडलं, कारण ते खरं नव्हतं. लिहिलं, ओळ गाळली आहे हे ठाऊक असूनही, मी वाचलं म्हणून त्यांनी सही केली.

पुन्हा स्वच्छ उतरून काढलं. दादा गॅलरीत उन्हात बसले होते. मी कागद त्यांच्यापुढं धरला.

"काय हाय?"

"तेव्हाचं. बरोबर करून लिहिलंय."

"वाच. बोट धर ओळीखाली."

मी बोट धरलं. दादांनी आपलं बोट समासावर ठेवलं, माझ्या बोटाच्या रांगेत. मी एक ओळ वाचायची, ते एक बोटभर खाली सरकायचे. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, त्याचं ओरडणं संपेपर्यंत मी मध्ये एकदा थांबले, तर तेही थांबले. शेवटची ओळ झाली.

"चौदा," दादा म्हणाले.

"चौदाच आहेत."

"तुझी सही नाय."

मी सही केली. मराठीत, पूर्ण नाव, खाली बी.ए. लिहिलं. दादांनी ती सही वाचली की नुसती पाहिली, ते कळलं नाही. कागदाच्या चार घड्या करून त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला. पाठवायचा कुणाला, हे त्यांनी विचारलं नाही. ऊन सरकलं तशी त्यांनी खुर्ची थोडी सरकवून घेतली.